पालिकेचं बजेट वाचता येतं का कुणाला?

घटप्रभेकाठचा:

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिलंय, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी पोराकडे टेक्सासला चार महिने राहून आलो. काम काय, तर नातवाला बागेत न्यायचं आणि येताना दूध आणायचं. वाटेत गावाचं वाचनालय. एक दिवस दारावर पाटी दिसली: संध्याकाळी सिटी मॅनेजर येत्या वर्षाचं बजेट समजावून सांगणार आहेत, कुणीही यावं. मी 34 वर्षं बँकेत काढली. मॅनेजर आणि बजेट हे दोन शब्द एकत्र दिसले की पाय आपोआप वळतात.

तिथली पद्धत अशी. लोकांनी निवडून दिलेलं सभागृह एक पगारी माणूस नेमतं, तो सिटी मॅनेजर. धोरण सभागृहानं ठरवायचं, कारभार त्यानं करायचा. काम पटलं नाही तर तेच सभागृह त्याला घरी पाठवतं. 1908 ला व्हर्जिनियातल्या स्टाँटनमध्ये याची सुरुवात झाली आणि ओहायोतल्या डेटननं 1913 च्या महापुरानंतर तीच पद्धत घेतली. टेक्सासात डॅलस, सॅन अँटोनिओ, ऑस्टिन ही मोठी शहरंसुद्धा अशीच चालतात. त्यांचं वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं.

त्या माणसानं पुस्तिका वाटली. पहिल्याच पानावर ठळक टायपात एक वाक्य होतं, या बजेटमुळे घरपट्टीचं एकूण उत्पन्न गेल्या वर्षापेक्षा एवढ्या रकमेनं, एवढ्या टक्क्यांनी वाढणार. पोरगा म्हणाला, हे त्यांनी हौसेनं छापलेलं नाही बाबा, राज्याचा कायदाच आहे. अक्षर 18 पॉइंटपेक्षा लहान चालत नाही. बजेट मंजूर झालं की कुठल्या सदस्यानं बाजूनं हात वर केला आणि कुणी विरोधात, तेही मुखपृष्ठावर छापावं लागतं.

पण मला खरं आवडलं ते आतलं एक पान. डावीकडे ‘गेल्या वर्षी आम्ही म्हणालो होतो’, उजवीकडे ‘त्याचं काय झालं’. एका फूटपाथसमोर लिहिलं होतं: झाला नाही, खाली गॅसची पाईप निघाली, पुढच्या वर्षी. बस्स, एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. मागं बसलेल्या एका म्हातारीनं फक्त विचारलं, पुढच्या वर्षी म्हणजे नक्की कधी?

परत आलो आणि आमच्या गावच्या नगरपालिकेत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, छोटं गाव आहे, उद्या मलाच तिथं दाखला काढायला जायचंय. म्हटलं यंदाचं बजेट बघायला मिळेल का. क्लार्कनं आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. तीन दिवसांनी पुस्तक हातात आलं. सगळं कन्नडमध्ये, त्याबद्दल तक्रार नाही, सरकारी भाषाच ती आहे. मी मराठी शाळेत शिकलेला, कन्नड नोकरीत शिकलो, अक्षर लावत लावत वाचतो. पहिली चार पानं ‘साध्य’ केलेल्या कामांची: इतके दिवे, इतके रस्ते, अमुक जयंती, तमुक उत्सव. शेवटची तीन पानं पुढच्या वर्षीच्या प्राधान्यांची. मधे आकडे. मागल्या वर्षी जी प्राधान्यं सांगितली होती त्यांचं काय झालं, ते कुठंच नाही.

तर प्रश्न असा: आपल्याकडे हा रकाना असतो का? बेळगाव महापालिकेत काय पद्धत आहे? कुणी वाचलंय का कधी?

खडेबाजारवाला:

ओ काका, आम्ही बजेट पेपरात वाचतो. ‘शिलकी अंदाजपत्रक सादर’ असं शीर्षक येतंय, खाली फोटो येतोय, फोटोत सूटकेस असतीय. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात भजी बांधून घेतो. हितं कोण वाचूलंय मर्दा पुस्तक!

जमाखर्च:

काका, विषय काढलात ते बरं केलंत. मी एका पालिकेच्या लेखा विभागात होतो, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर पुढं जा.

पहिली गोष्ट, आपला आयुक्त म्हणजे तुमचा सिटी मॅनेजर नव्हे. काम तेच, धनी वेगळा. महापालिकेला 1976 चा कर्नाटक महानगरपालिका कायदा लागू, लहान गावांना 1964 चा नगरपालिका कायदा. आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि राज्य सरकारच उचलतं. सभागृहानं नेमलेला नाही, त्यामुळे मागल्या वर्षीचा जाब सभागृहानं विचारला तरी तो मनाला किती लावून घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यात ज्यानं वचन दिलं तो आयुक्त पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. महापौरही वर्षावर्षाला बदलत आलेत. बजेट वाचून दाखवतात कर, अर्थ आणि अपील स्थायी समितीचे अध्यक्ष, तेही वर्षाचेच. म्हणजे वचन देणारा, वाचणारा आणि पाळणारा अशी तीन माणसं, आणि पुढच्या वर्षी तिन्ही बदललेली.

दुसरी गोष्ट ‘शिलकी’ची. खडेबाजारवाले, त्या शब्दानं भुलू नका. पालिकेला तुटीचं बजेट मांडून चालत नाही. मग काय करतात? जमेची बाजू फुगवतात. घरपट्टीची थकबाकी सगळी वसूल होणार असं धरायचं, कुठल्या तरी जागेच्या लिलावाचे पैसे धरायचे, अनुदान मागितलंय तेवढं येणारच असं धरायचं. डिसेंबर-जानेवारीत सुधारित अंदाज करायची वेळ येते तेव्हा हवा सोडतात. म्हणून काका, यंदाचा रकाना वाचूच नका. तीन रकाने असतात: मागल्या वर्षीचा अंदाज, मागल्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षीचा अंदाज. पहिल्या दोघांतला फरक बघा. तुम्हाला हवा असलेला रकाना तोच, फक्त त्यावर तसं नाव लिहिलेलं नाही.

तिसरी. खर्चाला मोकळा पैसा फार थोडा असतो. पगार, वीजबिल, कचऱ्याचं कंत्राट यांत बरंच जातं. मग 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर मागास गरिबांसाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात, आणि ते योग्यच आहे. 15व्या वित्त आयोगाचे पैसे 2021 ते 26 साठी आले, त्यातले आपल्यासारख्या शहरांना 60 टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. सभागृहात ज्याच्यावरून भांडणं होतात तो आकडा ताटातल्या लोणच्याएवढा असतो.

आणि हो, त्याच वित्त आयोगाची अट होती की मागल्या वर्षाचे कच्चे हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाकल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. त्यामुळे हिशेब नेटवर सापडतात. लपवलेले नाहीत. कुणी उघडत नाही, एवढंच.

वडगावची अक्का:

मला आकड्यांतलं कळत नाही, पण प्राधान्यांतलं कळतं. बळ्ळारी नाला! मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पाणी, भाताचं रोप कुजतं, परत पेरा. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर शेत कुठलं आणि नाला कुठला हेच कळत नव्हतं. आमच्याकडचा बासमती, शिजला की चार घरांना वास जायचा. आता सासरे म्हणतात, वास राहू दे, भात हातात येऊ दे.

दर उन्हाळ्यात नाल्यातली जलपर्णी आणि गाळ काढायची बातमी येते. मला एवढंच विचारायचंय, मागल्या वर्षी किती गाळ काढला ते ‘साध्य’मध्ये लिहितात, पण पाणी किती शेतांत शिरलं ते कुठल्या पानावर लिहितात?

जमाखर्च:

अक्का, ते कुठल्याच पानावर नाही. ट्रॅक्टरच्या खेपा मोजल्या जातात, कारण बिल खेपांवर निघतं.

खडेबाजारवाला:

अक्कांनी एका वाक्यात सगळा विषय सांगितला, जमाखर्च सरांना चार परिच्छेद लागले. (सर, रागावू नका की ओ.)

तिसरं गेट:

बेळगावचं विचारलंत म्हणून. 58 वॉर्ड, 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा आत लोक. आता ‘मागल्या वर्षी काय म्हणालात’ हे विचारायला सभागृह तरी हवं ना? आधीच्या सभागृहाची मुदत 2019 ला संपली. निवडणूक सप्टेंबर 2021 ला झाली, पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर, भाजपला 58 पैकी 35. महापौर निवडला गेला फेब्रुवारी 2023 मध्ये. म्हणजे निवडून आलेली माणसं जवळपास दीड वर्ष घरी बसली आणि तोवर बजेटं अधिकाऱ्यांनीच केली. तो काळ काका म्हणतात तसा खराखुरा सिटी मॅनेजरचा होता म्हणा, फक्त त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं.

स्मार्ट सिटीचंही तेच. जानेवारी 2016 ला पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं, पेढे वाटले. केंद्राचे 500 कोटी, तेवढेच राज्याचे, अशी योजना. ते काम महापालिकेचं नव्हेच, वेगळी कंपनी. 31 मार्च 2025 ला मिशन संपलं. आता त्यातले रस्ते, दिवे, बागा, कॅमेरे यांची निगा कोण राखणार, वीजबिल कुणाच्या खात्यात? माझ्या मते येत्या पाच वर्षांचं खरं प्राधान्य हेच आहे, आहे ते टिकवायचं. पण निगेची फीत कापता येत नाही.

24 तास पाण्याचं बघा. 2008 ला बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा इथं प्रत्येकी साधारण दहा टक्के भागात प्रयोग झाला, देशभरातून लोक बघायला आले. तो भाग आणि उरलेलं शहर यांत भावाभावांत झालेल्या वाटणीसारखा फरक पडला. उरलेल्याचं काम हाती घ्यायला कितीतरी वर्षं गेली. राकसकोप आणि हिडकल, दोन्ही धरणांतून पाणी येतं, प्रश्न पाण्याचा कमी आणि पाईपचा जास्त.

निपाणीकर:

सगळं ठीक आहे हो, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. घरपट्टी आम्ही भरायची आणि हिशेब आम्हाला न कळणाऱ्या भाषेत घ्यायचा? 2005 ला याच महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला तर सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. रकाने कसले मोजताय! सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून दावा पडून आहे, तो

संपादक मंडळ:

निपाणीकर, तुमच्या प्रतिसादाचा पुढचा भाग सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवला आहे. भाषेचा मुद्दा इथं चालेल.

निपाणीकर:

बरं. भाषेपुरतं बोलतो. राज्यघटनेचं कलम 350 वाचा. गाऱ्हाणं मांडायचा अर्ज त्या राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे. म्हणजे मराठीत अर्ज दिला तर ‘कन्नडात आणा’ म्हणून परत करता येत नाही. शिवाय 1956 च्या केंद्राच्या निवेदनात भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलंय की तालुका किंवा पालिकेच्या हद्दीत ते 15-20 टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत. बजेट महत्त्वाचं नाही तर काय महत्त्वाचं? यासाठी 350 ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. त्यांचं विभागीय कार्यालय एके काळी बेळगावातच होतं.

मी चार वर्षांपूर्वी एका कार्यालयात मराठीत अर्ज दिला. घेतला. पोच दिली. उत्तर आलं कन्नडमध्ये. ते वाचून घ्यायला शेजारच्या पोरीकडे गेलो, तर त्यात लिहिलेलं, ‘तुमचा अर्ज समजला नाही.’

सदाशिवनगर:

😀 निपाणीकर, हे खरं असेल तर फ्रेम करून लावा.

माझी आई कन्नड, वडील मराठी, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे. एक सांगते, बजेटच्या कन्नडला घाबरू नका. अर्धे शब्द तुमचेच आहेत. काकांसाठी लिहून देते:

आयव्यय म्हणजे बजेट. अंदाजु म्हणजे अंदाज, परिष्कृत अंदाजु म्हणजे सुधारित. जमा आणि खर्चु सांगायला नकोत. आरंभिक शिल्कु म्हणजे आरंभीची शिल्लक, अंतिम शिल्कु म्हणजे अखेरची. पेशव्यांच्या कारकुनानं शिल्लक सोडली आणि आमच्या लोकांनी तिला उकार लावला. उळिताय बजेट म्हणजे तुमचं ते शिलकी. तेरिगे म्हणजे कर. चरंडी म्हणजे गटार. बीदी दीप म्हणजे रस्त्यावरचे दिवे. कुडियुव नीरु म्हणजे पिण्याचं पाणी. घनत्याज्य म्हणजे कचरा, हा शब्द कन्नड घरातही कुणी बोलत नाही. एवढ्यावर पुस्तक निघतं. कन्नड आकडे असतील तर एक ते दहा लिहून पुठ्ठ्यावर चिकटवा, तासाभरात बसतात.

मराठीत बजेट मिळावं या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण ते मिळेपर्यंत न वाचता बसायचं हे मला पटत नाही. आणि खरं सांगू? माझ्या कन्नड मामानंही आजवर एकदा उघडून बघितलेलं नाही. त्याला तर भाषेची अडचण नाही.

निपाणीकर:

हे बाकी मान्य करावं लागेल.

ह्यूस्टनहून भाचा:

काकांनी अमेरिकेचं जरा गोडच लिहिलंय, म्हणून मिठाचा खडा टाकतो. कॅलिफोर्नियात बेल नावाचं एक गरीब गाव आहे. 2010 मध्ये वर्तमानपत्रानं उघड केलं की तिथला सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास 8 लाख डॉलर पगार घेत होता. राष्ट्राध्यक्षाच्या पगाराच्या दुप्पट. सभागृहाच्या बहुतेक सदस्यांनी स्वतःचेही पगार फुगवून घेतले होते, मग कोण कुणाला बोलणार? 2014 ला त्याला 12 वर्षांची शिक्षा झाली. पुस्तिका गुळगुळीत असली तरी ती वाचणारं कुणीतरी लागतंच, तिथंही. गावात बातमीदार उरला नव्हता तेव्हाच हे फावलं असं तिकडचे लोक म्हणतात.

आणि जमाखर्च सरांसाठी: टेक्सासात 2019 च्या कायद्यानं मोठ्या गावांना घरपट्टीचं चालू खर्चासाठीचं उत्पन्न 3.5 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं असेल तर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. त्यामुळे मॅनेजर वाचनालयात येऊन समजावतो, हौस म्हणून नव्हे.

जमाखर्च:

हेच म्हणतो मी. आपल्याकडेही समजावून सांगायची सक्ती कागदावर आहे. बजेटआधी लोकांच्या सूचना घ्यायची बैठक बोलवावी लागते, पूर्वभावी बैठक म्हणतात. मी नोकरीत असताना अशा बैठकांना बसलोय. साधारण चित्र असं: पहिल्या रांगेत माजी नगरसेवक, दुसऱ्या रांगेत पेपरवाले, तिसरी रिकामी, चौथ्या रांगेत आम्ही कर्मचारी, संख्या दिसावी म्हणून बसवलेले. सूचना येतात त्या ‘आमच्या गल्लीत पेव्हर्स घाला’ अशा. ‘मागल्या वर्षी सुधारित अंदाजात गटाराचे पैसे का कापले’ असं माझ्या नोकरीत एकदाही कुणी विचारलं नाही. एकानं जरी विचारलं असतं तर आम्हा क्लार्क लोकांना बरं वाटलं असतं. आकडे जुळवायला रात्री जागायचो हो.

टिळकवाडी आरपीडी:

आणखी एक दार आहे. वॉर्ड समिती. 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला घटनेच्या 243 एस कलमानं सक्तीची. कर्नाटकात 2016 चे नियम आहेत: नगरसेवक अध्यक्ष, 10 सदस्य, त्यांत किमान 3 महिला, 2 अनुसूचित जाती-जमातीचे, 2 रहिवासी संघटनांचे. तिथं वॉर्डापुरता ‘म्हणालो आणि झालं’ असा कागद मागता येतो. 58 वॉर्डांचं सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. आपल्या वॉर्डाचं एक पान पुरे.

माहिती अधिकाराचंही तेच. कलम 4 प्रमाणे बजेट आणि खर्चाचा अहवाल कुणी न मागता जाहीर करायचा असतो. नसेल केला तर 10 रुपयांचा अर्ज.

खडेबाजारवाला:

10 रुपयात आता भजीची प्लेटपण येत नाही. अर्ज करतो.

घटप्रभेकाठचा:

मंडळी, दोन आठवडे गायब होतो, माफी असावी. सदाशिवनगर ताईंनी लिहून दिलेले शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवले (18 पॉइंटपेक्षा मोठे!) आणि परत आमच्या पालिकेत गेलो. क्लार्क तोच. म्हणाला, “परत आलासा काका?” म्हटलं यंदाचं नको, तीन रकान्यांचं पान दाखव.

चष्मा पुसून बसलो. चरंडीवर बोट ठेवलं. आमच्या गल्लीच्या मागून जाणारं मोठं गटार, ज्याचा नारळ दीड वर्षापूर्वी फुटला, मी स्वतः पेढा खाल्लाय. पहिल्या रकान्यात रक्कम. परिष्कृत अंदाजुच्या रकान्यात शून्य. तिसऱ्यात परत तीच रक्कम, रुपयाचा फरक नाही. आणि पुढं शेवटच्या पानांवर प्राधान्यांत पहिल्या क्रमांकाला तेच गटार.

क्लार्कला विचारलं, हे काय? पोरगा तरुण आहे, हळूच म्हणाला, “काका, टेंडरला कुणी आलंच नाही. दोनदा काढलं. जुने दर आहेत.” मी विचारलं, मग हे इथं लिहीत का नाही तुम्ही? तर म्हणाला, “लिहायला जागा कुठं आहे? तीनच रकाने आहेत.”

मी पेन काढलं आणि माझ्या झेरॉक्सवर चौथी रेघ मारली. त्यात लिहिलं: टेंडरला कुणी आलं नाही, दर जुने. त्यानं वाचलं. मग म्हणाला, पाण्याच्या टाकीसमोर लिहा, जागेचा वाद. दिव्यांसमोर लिहा, झालं. असं करत आम्ही दोघांनी अकरा ओळी भरल्या. बाराव्या ओळीला साहेब आले म्हणून थांबलो.

फोटो टाकतोय. जमाखर्च सर, बघून सांगा बरोबर वाचलंय का.

जमाखर्च:

काका, फोटो उलटा आलाय. आणि वरचं हेडिंग कापलंय, कुठला निधी ते कळत नाही. ते आधी दाखवा, कारण हे गटार ठरावीक कामालाच बांधून दिलेल्या अनुदानातलं असेल तर तिसऱ्या रकान्यातली रक्कम नवी नाही, जुनीच पडून आहे. तसं असेल तर दर वाढवून टेंडर परत काढायला पालिकेला वरच्या मंजुरीला जावं लागणार. ती फाईल गेलीय का, एवढंच पुढच्या खेपेला विचारा.

घटप्रभेकाठचा:

नातू झोपलाय तिकडे, उठला की फोटो सरळ कसा करायचा ते विचारून टाकतो. सोमवारी परत जातोय.

वडगावची अक्का:

काका, त्या चौथ्या रकान्याचा कोरा कागद पण टाका. आमच्या नाल्यासाठी पाहिजे.